सीमाभागातील संमेलनांचे वृत्तान्त कोठे ठेवावेत?

प्रेषक : मंडळाच्या कार्यवाह
प्रति : सर्व सभासद

सप्रेम नमस्कार.

कडोली, येळ्ळूर आणि उचगाव येथे भरणाऱ्या ग्रामीण मराठी साहित्य संमेलनांचे वृत्तान्त व अध्यक्षीय भाषणे आपले बेळगावचे स्नेही आवर्जून पाठवतात आणि ती आपण व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात टाकतो. आठवड्याभरात ती शुभेच्छांच्या खाली गाडली जातात आणि पुढे कोणी मागितली तर सापडत नाहीत. मंडळाने स्वतःचे संकेतस्थळ करावे, की गटच पुरेसा आहे, याबाबत कार्यकारिणीत एकमत झालेले नाही. टिळकवाडीच्या सरांनी हा विषय सुरुवातीपासून पाहिलेला आहे. सर, आपण सविस्तर लिहावे, ही विनंती.

*

प्रेषक : सर, टिळकवाडी, बेळगाव

स. न. वि. वि.

माझे मत आधीच सांगतो. मंडळाने स्वतःच्या नावाचे संकेतस्थळ घ्यावे, प्रत्येक वृत्तान्ताला न बदलणारा पत्ता द्यावा आणि त्या स्थळाला फीड, म्हणजे नवे लेखन वाचकाला आपोआप कळवणारी सोय, जोडावी. आपल्यापुढे आज जो प्रश्न आहे तोच ब्लॉग लिहिणाऱ्यांपुढे पंचवीस वर्षांपूर्वी होता, आणि त्यांनी तो कसा सोडवला हे समजून घेतले तर आपला निर्णय सोपा होईल.

डिसेंबर १९९७ मध्ये जॉर्न बार्गर यांनी 'वेबलॉग' (त्याचेच पुढे 'ब्लॉग' झाले) हे नाव वापरले, तेव्हा अशी पाने म्हणजे जालावर वाचलेल्या गोष्टींचे दुवे आणि त्यांवर दोन-चार ओळींचे भाष्य, इतकेच असे. नवी नोंद वर, जुनी खाली. प्रत्येक नोंदीसाठी पानाची फाइल हाताने बदलून सर्व्हरवर चढवावी लागे, त्यामुळे हा उद्योग संगणकाच्या जाणकारांपुरता मर्यादित राहिला होता. ऑगस्ट १९९९ मध्ये पायरा लॅब्ज या कंपनीने 'ब्लॉगर' ही सेवा आणली आणि चौकटीत मजकूर लिहून बटण दाबले की तो प्रकाशित होऊ लागला. तरीही एक अडचण उरली होती. नोंद खाली सरकत सरकत पानावरून नाहीशी होई, आणि ती कोणाला दाखवायची तर 'अमुक पानावर जाऊन शोधा' असे सांगावे लागे. आपल्या गटात आज नेमके हेच होते. २००० च्या सुमारास एकेका नोंदीला स्वतःचा कायमचा पत्ता देण्याची पद्धत रुळली आणि मग एका लेखकाला दुसऱ्याच्या नेमक्या विधानाकडे बोट दाखवता येऊ लागले. ब्लॉगच्या इतिहासातील ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, असे मी मानतो, कारण वाद, दुरुस्ती आणि दाखला या तिन्ही गोष्टी त्या पत्त्यावरच उभ्या राहिल्या.

आता फीडविषयी. मार्च १९९९ मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीने आपल्या पोर्टलसाठी आरएसएस या फीडच्या स्वरूपाची पहिली आवृत्ती काढली. तिच्यामागे रामनाथन गुहा आणि डॅन लिबी हे दोघे होते. नेटस्केपने पुढे त्यातून अंग काढून घेतले, पण डेव्ह वायनर यांनी ते काम चालू ठेवले, दुसऱ्या एका गटाने वेगळी वाट धरली, बरेच वाद झाले, सप्टेंबर २००२ मध्ये आरएसएस २.० आले आणि डिसेंबर २००५ मध्ये अ‍ॅटम हे प्रमाणित स्वरूपही मान्य झाले. त्या भांडणांच्या तपशिलात आपण शिरण्याचे कारण नाही. फीड ही एक साधी मजकुराची फाइल असते, एवढे लक्षात घ्यावे. तिच्यात अलीकडच्या काही नोंदींचे शीर्षक, दुवा, दिनांक आणि सारांश किंवा संपूर्ण मजकूर ठरावीक खुणांमध्ये बांधलेला असतो. वाचकाकडील आज्ञावली ही फाइल अधूनमधून मागवते, प्रत्येक नोंदीची ओळखखूण तपासते आणि पूर्वी न पाहिलेली नोंद नवी म्हणून समोर ठेवते. लेखकाला वाचकाचा क्रमांक माहीत असावा लागत नाही, आणि कोणाला काय दाखवायचे हे ठरवणारी कंपनीही मध्ये बसलेली नसते. मेलबर्नमधील सभासद आणि खानापूरचा विद्यार्थी यांना एकच मजकूर, एकाच क्रमाने मिळतो.

आपल्या भागाच्या दृष्टीने यात एक विशेष मुद्दा आहे. फीडमधून केवळ मजकूर जातो, त्यासोबत फाँट जात नाही. २००० च्या आसपास मराठी संकेतस्थळे आपापल्या फाँटवर चालत. पडद्यावर देवनागरी दिसली तरी आत साठवलेली अक्षरे रोमन लिपीच्या क्रमांकांवर बसवलेली असत. तो फाँट काढून घेतला की मजकुराचे निरर्थक रोमन चिन्हांत रूपांतर होई. बेळगावात ही अडचण दुप्पट होती. घरातले लेखन मराठीत आणि कचेरीतले कागद कन्नडमध्ये, अशी आमची रीत असल्याने एकाच पानावर दोन्ही लिप्या लागत. पण दोन्ही फाँट त्याच क्रमांकांवर आपापली अक्षरे बसवत असल्यामुळे फाँटची खूण हरवली की मराठी कोठे संपले आणि कन्नड कोठे सुरू झाले, हेही सांगता येत नसे. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना वेगळे क्रमांक देणाऱ्या सामाईक पद्धतीत, देवनागरीला आणि कन्नडला १९९१ पासूनच स्वतंत्र जागा आहे. मात्र विंडोज २००० सोबत 'मंगल' फाँट आला, आणि १९९८ मध्ये कन्नडसाठी निघालेल्या 'बरह' सारख्या आज्ञावल्यांतून देवनागरीही टंकता येऊ लागली, तेव्हा कोठे सामान्य माणसाच्या हातात हे साधन आले. मराठी ब्लॉग त्यानंतरच खऱ्या अर्थाने वाढले. युनिकोडवाचून मराठी फीड चाललेच नसते.

वाचकाच्या सहभागाबद्दल थोडक्यात लिहितो. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्येच कोणीही संपादित करू शकेल असे विकी-पान चालू केले होते, १९९८ च्या 'ओपन डायरी'त वाचकांना नोंदीखाली प्रतिसाद देता येत असे, आणि २००२ मध्ये एका ब्लॉगने दुसऱ्याला आपल्या उत्तराची वर्दी देण्याची 'ट्रॅकबॅक' सोय निघाली. ती जाहिरातबाजांनी पुरती नासवली. तेव्हा आपल्या स्थळावर प्रतिसाद अवश्य असावेत, पण ते पाहूनच प्रसिद्ध करावेत. गावोगावच्या वृत्तान्तांत अध्यक्षांचे नाव किंवा संमेलनाचे वर्ष चुकलेले असते आणि ते त्या गावचा माणूसच दुरुस्त करू शकतो.

कळावे, लोभ असावा.

*

प्रेषक : एक सभासद, दुबई

सरांना सादर प्रणाम.

आपले विवेचन पटले, परंतु दोन शंका आहेत. आमच्या आई-वडिलांच्या पिढीला व्हॉट्सअ‍ॅपपलीकडे काही उघडता येत नाही. दुसरे म्हणजे, गूगल रीडर हे फीड वाचण्याचे साधन बंद झाल्यापासून फीड वापरणारे फारसे कोणी भेटत नाही. मग हा खटाटोप कोणासाठी करायचा?

*

प्रेषक : सर, टिळकवाडी, बेळगाव

प्रिय महोदय,

पहिली शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर सोपे आहे. गट बंद करू नये. गटात संपूर्ण भाषण न टाकता पहिला परिच्छेद आणि दुवा टाकावा. आईंनी दुव्यावर बोट ठेवले की पान उघडेल, आणि तोच दुवा पाच वर्षांनी नातवालाही उघडता येईल.

गूगल रीडर १ जुलै २०१३ रोजी बंद झाले, हे खरे. पण त्या दिवशी नाहीसे झाले ते वाचण्याचे साधन. लेखन ज्याच्या त्याच्या पत्त्यावर राहिले आणि वाचकांना आपल्या फीडची यादी काढून घेऊन दुसऱ्या साधनात भरता आली. याउलट २००९ मध्ये जिओसिटीज ही लोकांना फुकट पाने देणारी सेवा बंद झाली तेव्हा तेथे घर केलेल्या असंख्य लोकांची पाने पत्त्यासकट गेली, आणि त्यांतली जी वाचली ती बाहेरच्या लोकांनी धडपडून नकला करून ठेवल्यामुळे वाचली. मी स्वतःच्या नावाचा आग्रह धरतो तो याच कारणासाठी. उद्या होस्टिंग देणारी कंपनी बदलली तरी नाव आपले राहते आणि मजकूर दुसरीकडे नेता येतो. शिवाय फीड वापरणारे कमी झाले, असे वाटते तितके ते खरे नाही. पॉडकास्टचे भाग भ्रमणध्वनीवर आपोआप उतरतात ते आरएसएसच्याच आधारे. संमेलनातील भाषणांचे ध्वनिमुद्रण पुढे द्यायचे झाले तर हीच सोय कामाला येईल.

माझी खरी काळजी वेगळी आहे. आमच्याकडील जुन्या स्मरणिकांच्या फाइली अजून फाँटमध्ये अडकलेल्या आहेत. त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने मिळतात, पण ऱ्हस्व वेलांटी आणि रफार येथे ती हमखास अडखळतात. फाँटमध्ये 'निपाणी' लिहिताना वेलांटी आधी आणि 'न' नंतर टंकला जाई, युनिकोडमध्ये हा क्रम उलटा आहे. 'कर्नाटक' मधला रफार फाँटमध्ये 'ना' नंतर येई, युनिकोडमध्ये 'र्' आधी येतो. साधन चुकले की वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते आणि 'चिकोडी' शोधणाऱ्याला ते पान कधीच सापडत नाही. त्यामुळे प्रत्येक पान मूळ छापील प्रतीशी ताडून पाहावे लागेल. छापील प्रती आम्ही येथे जमवून त्यांची छायाचित्रे पाठवू. परदेशातील सभासदांपैकी ज्यांना रोज थोडा वेळ काढणे शक्य आहे त्यांनी कार्यवाहांना कळवावे. आरंभ येळ्ळूरच्या स्मरणिकांपासून करावा, कारण त्यांच्या फाइली सर्वांत जास्त बिघडलेल्या आहेत.

आपला,
टिळकवाडी, बेळगाव