डोंबिवलीचं घर विकून पुण्यात ज्येष्ठांच्या संकुलात जावं का? हिशेब तपासून द्या

गणिताच्या_बाई:
नमस्कार. माझं वय ६७, यांचं ७३. डोंबिवली पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर राहतो, इमारत १९९४ची, लिफ्ट नाही. यांचे दोन्ही गुडघे गेलेत. गेल्या दिवाळीपासून हे फक्त डॉक्टरकडे जायला खाली उतरतात, तेही प्रत्येक जिन्यावर खुर्ची टाकून. भाजी मी दोरीला पिशवी बांधून वर ओढते. परवा ओढताना पाठीत लचक भरली आणि पिशवी तशीच अर्ध्यात लोंबकळत राहिली. खालच्या दुकानातला मुलगा धावत वर आला, तेव्हा ठरवलं, आता पुरे. इमारतीच्या पुनर्विकासाच्या सभा सहा वर्षं चालल्यात, त्यावर माझा भरवसा उरलेला नाही.

मुलगा कॅनडात, मुलगी नाशकात. दोघंही 'आमच्याकडे या' म्हणतात, मनापासून म्हणतात. पण मला माझी चूल हवी.

पुण्यात एक संकुल पाहिलं. ५५ वर्षांवरच्यांसाठी, घर मालकी हक्काचं. वन बीएचके, रिसेल, ५२ लाख. महिन्याचा मेंटेनन्स १४,५००, दोन्ही वेळचं जेवण माणशी ५,५००. दुसरं एक ठिकाण डिपॉझिटवर आहे: ३० लाख भरायचे, घर संस्थेचं, आपण गेल्यावर पैसे वारसांना परत.

आमच्या घराला ६२ लाख येतील. मी अनुदानित शाळेत ३१ वर्षं गणित शिकवलं, पेन्शन ३८,०००. यांची ईपीएफची पेन्शन २,४००. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक योजनेत २८ लाख आहेत, सध्याच्या ८.२ टक्क्यांनी महिना सुमारे १९,००० पडतात. म्हणजे मिळकत ५९,४००, तिथला खर्च २५,५००. मला तरी हे बसतंय असं वाटतं. काय सुटलंय?

पाषाणचे_काका:
ताई, आम्ही अशाच एका संकुलात नऊ वर्षं आहोत. जरूर या. संध्याकाळी बाकावर चार माणसं भेटतात, त्याची किंमत पैशात होत नाही. पण घर विकायची घाई नको. बहुतेक ठिकाणी पाहुण्यांची खोली असते, ती पंधरा दिवस घ्या. मग डोंबिवलीचं घर ११ महिन्यांच्या करारावर भाड्याने देऊन इथेही भाड्याने राहून बघा. मेसचं जेवण आठवडाभर छानच लागतं. खरं काय ते तिसऱ्या आठवड्यात कळतं.

वहिनी_कोथरूड:
बाई, तुमची बेरीज बरोबर आहे, पण ती दोघंही धडधाकट आहात असं धरून केलेली आहे. माझ्या सासऱ्यांचं आम्ही असंच केलं होतं, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी साधी गोष्ट. १४,५०० मध्ये १८ टक्के जीएसटी धरलाय का? नसेल तर ते १७,११० होतात. आणि मागच्या पाच वर्षांत मेंटेनन्स कितीने वाढला ते लेखी मागा. दरवर्षी ८ टक्के वाढला तर नऊ वर्षांत दुप्पट होतो.

आता अवघड गोष्ट. लिहायला जड जातंय, पण आधी तुम्ही गेलात तर? तुमच्या ३८ हजारांचं कौटुंबिक निवृत्तीवेतन होईल. पेन्शन शेवटच्या पगाराच्या ५० टक्के आणि कौटुंबिक ३० टक्के, म्हणजे साधारण २२,८००. त्यात त्यांचे २,४०० आणि व्याज १९,००० मिळवा: ४४,२००. मेंटेनन्स माणूस कमी झाला म्हणून निम्मा होत नाही. मेंटेनन्स १७,११०, एकाचं जेवण ५,५००, आणि हात धरून बाथरूमला नेणारा माणूस. आम्ही सेवेला माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोकडून फक्त दिवसाचा ठेवला होता, त्याचे १८,००० जायचे. झाले ४०,६१०. औषधांना साडेतीन हजार उरले. तेही आजच्या भावाने.

म्हणून मी पहिला प्रश्न हाच विचारीन: माणूस अंथरुणाला खिळला तर तुम्ही ठेवता का? सासऱ्यांच्या संस्थेच्या माहितीपत्रकात रुग्णवाहिका होती, नर्स होती. करारात मात्र 'स्वतःचं स्वतः करू शकणारे निवासी' असे शब्द होते, आणि ते आम्ही वाचलेच नव्हते. पक्षाघातानंतर महिन्याभरात न्यायला सांगितलं. डिपॉझिट हातात यायला चौदा महिने लागले, कारण 'नवीन निवासी आल्यावर परतावा' हेही करारातच होतं. तुमचं ३० लाखांचं ठिकाण याच जातीचं आहे. कलम वाचल्याशिवाय चेक फाडू नका.

कराचंही बघा. जुनं घर विकून दोन वर्षांत दुसरं राहतं घर घेतलं तर कॅपिटल गेनमध्ये, म्हणजे विक्रीच्या नफ्यावरच्या करात, सूट मिळते. डिपॉझिटला ती मिळत नाही. आणि घर फक्त तुमच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्कात महिलांची एक टक्क्याची सवलत आहे, ५२ लाखांवर ५२ हजार. त्यांचंही नाव लावलं तर ती जाते. मी तरी दोघांचं नाव लावीन. मागे राहणाऱ्याला कागदांसाठी हेलपाटे नकोत.

शेवटचं, मेजरिंग टेप घेऊन जा. महारेराने, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या प्राधिकरणाने, २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या प्रकल्पांसाठी निकष काढलेत. त्यात दारं किमान ९०० मिलिमीटर रुंद हवीत असं आहे. जुन्या इमारतींत ते सापडेलच असं नाही. आमच्याकडे व्हीलचेअर बाथरूमच्या चौकटीत अडकायची, आणि सासरे दर वेळी कोपरं आत घ्यायचे.

नाशिकची_लेक:
मी त्यांची लेक नव्हे, पण अशाच आईची लेक आहे. काकू, मुलांना आकडे दाखवा. माझ्या आईने आम्हाला 'सगळं जमतंय' एवढंच सांगितलं. तिने औषधं एक दिवसाआड करून घेतली होती, हे आम्हाला तिच्या डब्यातल्या गोळ्या मोजल्यावर कळलं.

गणिताच्या_बाई:
वहिनी, काल रात्री वही काढून तुमची बेरीज तीनदा केली. मी आधी जाईन हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. हे सहा वर्षांनी मोठे, म्हणून मी सगळं गणित उलट्या बाजूने मांडत गेले. ५२ लाखांच्या घराचा नाद सोडला. त्याच संकुलात भाड्याने घर मिळतं का ते विचारलंय. डोंबिवलीचं घर तूर्त विकत नाही. नाशिकला लेकीला वहीच्या पानाचा फोटो पाठवला, ती रविवारी येतेय. डिपॉझिटवाल्यांना कराराची प्रत आधी मागितली, तर 'बुकिंगनंतर देऊ' म्हणाले. तिथे जाणार नाही.

काका, पाहुण्यांच्या खोलीसाठी पुढच्या महिन्याचं विचारते. एकच राहिलं. यांना बसल्या जागेवरून उठायला खुर्चीपेक्षा झोपाळा सोपा जातो, कड्या धरून उठतात. तिथे भाड्याच्या घरात छताला हूक लावू देतात का?