मदत हवी आहे: जीपी-वन-बी अडवला तरी प्लेटलेट्स कोलॅजेनला (धमनीच्या भिंतीतलं प्रथिन) चिकटतातच!

अर्धवट_प्रयोग: सोमवारी गाईडना निकाल दाखवायचाय. पुस्तकात सरळ लिहिलंय, धमनीत गुठळी होताना प्लेटलेट्स आधी पृष्ठभागावरच्या जीपी-वन-बी या प्रथिनाने अडकतात. मी त्याविरुद्धची अँटिबॉडी घातली, तरी काही फरक नाही. तीनदा केलं. अँटिबॉडी खराब आहे का? लवकर सांगा.

पेशीपुराण: वाहत्या रक्तात केलंत की स्थिर प्लेटमध्ये?

जुनं_खोड: अँटिबॉडी बदला. आमचा फ्रीजर रात्रीत बंद पडला होता, महिना वाया गेला.

सहजच: ॲस्पिरिन घाला, सगळं थांबेल.

पेशीपुराण: नाही हो. ॲस्पिरिन थ्रॉम्बॉक्सेन (प्लेटलेट्स सोडतात तो, इतर प्लेटलेट्सना चेतवणारा पदार्थ) अडवतं, ते पुढच्या पायरीचं. पहिलं चिकटणं त्याला जुमानत नाही.

अर्धवट_प्रयोग: साधी ९६ खोबणींची प्लेट. धुतलेल्या प्लेटलेट्स, बफरमध्ये मॅग्नेशियम. त्याचा काय संबंध?

पेशीपुराण: तिथंच तर गोम आहे! जीपी-वन-बी कोलॅजेनला धरत नाही, कोलॅजेनवर बसलेल्या व्हॉन विलेब्रांड फॅक्टरला (रक्तातलं लांबलचक प्रथिन) धरतो. प्लेटलेट्स धुताना प्लाझ्मातला तो फॅक्टर गेला. असता तरी स्थिर द्रवात तो गुंडाळून पडतो; धमनीतल्या जोरदार ओढीने उलगडतो, तेव्हा त्याचा ए-वन भाग, जिथं जीपी-वन-बी धरतो तो, उघडा पडतो. तुमच्याकडे चिकटवतंय ते अल्फा-टू-बीटा-वन इंटिग्रिन, म्हणजे प्लेटलेटवरचं थेट कोलॅजेन धरणारं प्रथिन. त्याला मॅग्नेशियम लागतं, ते तुम्हीच दिलंत.

चिवट: आणि जीपी-सिक्स, प्लेटलेटवरचा कोलॅजेनचा दुसरा रिसेप्टर? खरा तोच!

पेशीपुराण: तो संदेश देतो. पकड इंटिग्रिनची.

चिवट: संदेशाशिवाय इंटिग्रिन घट्ट धरेल का? आधी तो, मग बाकीचे.

सहजच: ग्लान्झमानने १९१८ मध्ये वर्णन केलेला आजार वाचा. त्यात टू-बी-थ्री-ए हा प्लेटलेटवरचा रिसेप्टर नसतो, म्हणून दोन प्लेटलेट्समध्ये फायब्रिनोजेनचा (रक्तातलं गुठळीचं प्रथिन) पूलच बांधला जात नाही.

अर्धवट_प्रयोग: हे मी विचारलंच नव्हतं.

पेशीपुराण: तुमच्या कामाचा आजार बर्नार्ड-सूलिए. त्यात जीपी-वन-बी नसतो, म्हणून रिस्टोसेटिनने (व्हॉन विलेब्रांड फॅक्टर जीपी-वन-बीला चिकटवणारं औषध) गठ्ठे होत नाहीत. तीच युक्ती वापरा: प्लेटलेट्स असलेल्या प्लाझ्मात आधी अँटिबॉडी, मग रिस्टोसेटिन. गठ्ठे थांबले तर अँटिबॉडी ठणठणीत. नुसती ओळखणारी, न अडवणारी अँटिबॉडी मात्र तिथं उघडी पडेल. नंतर फ्लो चेंबर (रक्त वाहतं ठेवणारं उपकरण), ओढीचा वेग १५०० प्रति सेकंद, अख्खं रक्त. रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट नको, तो कॅल्शियम-मॅग्नेशियम बांधून टाकतो, हिरुडिन वापरा.

अर्धवट_प्रयोग: चेंबर शुक्रवारपर्यंत दुसऱ्यांनी अडवलाय. रिस्टोसेटिन लावलं. अँटिबॉडी घातलेल्या नळीत गठ्ठे नाहीत, दुसरीत भरपूर!

जुनं_खोड: तरी फ्रीजर बघाच.