ऊन पोचत नाही त्या चंद्रविवरात सौरवारा कसा पोचतो?

अंबडकर
अंबड एमआयडीसीत पावडर कोटिंगचं काम करतो, बावीस वर्षं झाली. विज्ञानाशी संबंध दहावीपुरता. लेक नववीत आहे, तिला शाळेसाठी चंद्राचा तक्ता करायचाय. परवा जेवताना म्हणाली, पप्पा, चंद्राच्या ध्रुवांजवळ काही विवरांच्या तळाला कधीच ऊन पडत नाही, पण सूर्याकडून येणारा वारा तिथं शिरतो आणि तळ चार्ज होतो. मी म्हटलं, जिथून सूर्यच दिसत नाही तिथं त्याचा वारा कुठून येईल? तर तिनं माझी वाटी पुढं ओढली, मोबाइलचा टॉर्च काठाशी आडवा धरला. तळ काळा. म्हणाली, आता काठावरून फुंकर मारा. मारली. तळाला उरलेलं मेतकूट उडून माझ्या चष्म्यावर.

वाटीपुरतं पटलं. पण चार्ज हे माझं पोटापाण्याचं काम, म्हणून शंका जात नाही. आमची गन पावडरीला ऋण भार देते, हूकला टांगलेल्या जॉबला, म्हणजे रंगवायच्या वस्तूला, हूकमधून अर्थिंग असतं, पावडर जाऊन चिकटते. मात्र जॉब खोक्यासारखा खोल असला की आतल्या कोपऱ्यात पावडर जातच नाही, पोरं वैतागतात. इथं वीतभर खोलीत ही रड, मग चार-चार किलोमीटर खोल विवराच्या तळाशी चार्ज जातो कसा? आणि तिथं अर्थिंग कशाचं?

कॉलेजरोडचे मास्तर
आधी मेतकूट विसरा. सौरवारा म्हणजे हवा नाही, सूर्याकडून सुटलेले भारित कण. फुंकर खाली वळते कारण हवेचे कण एकमेकांना ढकलतात. सौरवारा इतका विरळ आहे की घन सेंटिमीटरमध्ये जेमतेम पाच-दहा प्रोटॉन आणि साधारण तितकेच इलेक्ट्रॉन. ते एकमेकांवर आदळतच नाहीत म्हटलं तरी चालेल. आत वळतात ते भारामुळे.

चंद्राचा आस जेमतेम दीड अंश कललेला. त्यामुळे ध्रुवाजवळ ऊन जसं क्षितिजाला घासून येतं, तसाच हा वाराही सेकंदाला 400 किलोमीटरच्या आसपास वेगानं विवराच्या काठावरून आडवा निघून जातो. प्रोटॉन जड, नाकासमोर जाणारा. इलेक्ट्रॉन त्याच्यापेक्षा 1836 पट हलका, आणि उष्णतेमुळे त्याची स्वतःची पळापळ वाऱ्याच्या वेगाहूनही जास्त, तीही सगळ्या दिशांना. काठ ओलांडून पोकळी मिळाली की इलेक्ट्रॉन आधी आत घुसतात. मग त्यांच्या ऋण भाराच्या ओढीनं थोडे प्रोटॉनही खाली वळतात, पण ते पडतात पलीकडं. काठाच्या लगेच आडोशाला जी भिंत असते तिच्या वाट्याला जवळजवळ नुसते इलेक्ट्रॉन. नासाच्या गोडार्ड केंद्रातले विल्यम फॅरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये हे गणित मांडलं. आडोशाचा भाग काहीशे व्होल्ट ऋण होऊ शकतो, असं त्यातून निघालं. मीटर लावून मोजलेलं नाही, हे लेकीला सांगा.

तुमच्या खोक्याचं कारण वेगळं. गन आणि अर्थ केलेला जॉब यांच्यातलं विद्युतक्षेत्र कडांवरच संपतं, कोपऱ्यात शिरत नाही, आणि पावडर त्याच्याच मागं जाते. चंद्रावर बाहेर गन नाही. पण एक गोष्ट तंतोतंत तुमची: एकाच जागी जास्त मारली की पुढची पावडर बसत नाही, उलट फेकली जाते ना? तसंच तळ पुरेसा ऋण झाला की पुढचे इलेक्ट्रॉन परत लोटले जातात. म्हणून आकडा वाढत जात नाही, शेकड्यांत थांबतो.

अर्थिंग? नाहीच. खरी पंचाईत तीच. उन्हातल्या मातीतून सूर्यप्रकाश इलेक्ट्रॉन उडवतो, त्यामुळे भार निघून जायला वाट असते. विवरात ऊन नाही, आणि तितक्या थंडीत माती वीज वाहूच देत नाही. तिथं उद्या रोव्हर, म्हणजे यानातून नेलेली गाडी, फिरली की चाकं घासून चार्ज होणार, तो सोडायचा कुठं? हूकवर जुन्या पावडरीचा थर चढल्यावर काय होतं ते तुम्हाला मी काय सांगणार.

निफाडचा बागवाला
पारा पाचाच्या खाली आला की आम्ही रात्रभर द्राक्षबागेत शेकोट्या करतो. चंद्रावरच्या या खड्ड्यांत किती असतं? आणि चांद्रयान-3 तिथंच उतरलं ना, त्यानं मोजलं असेल की.

कॉलेजरोडचे मास्तर
नाही भाऊ. 23 ऑगस्ट 2023 ला ते उतरलं सुमारे 69 अंश दक्षिणेला, चांगल्या उन्हात. त्यावरच्या रंभा उपकरणानं जमिनीलगतचा प्लाझ्मा, म्हणजे भारित कणांचा वायू, मोजला, पण तो उन्हातला. सावलीतल्या विवरांचं तापमान नासाच्या चंद्राभोवती फिरणाऱ्या यानानं वरून मोजलंय. उत्तर ध्रुवाजवळच्या हर्माइट विवरात उणे 247 सेल्सिअसच्या आसपास निघालं. तुमच्या शेकोटीचा धूरसुद्धा गोठेल.

त्या थंडीमुळंच तिथं बर्फ टिकलंय. ऑक्टोबर 2009 मध्ये कॅबियस विवरात रॉकेटचा रिकामा टप्पा मुद्दाम आदळवला, तेव्हा उडालेल्या धुरळ्यात पाणी सापडलं. गंमत अशी की वाऱ्यातले प्रोटॉन मातीतल्या ऑक्सिजनला चिकटून पाण्याचा कच्चा माल तयार करतात, आणि तेच प्रोटॉन विवरात वळून बर्फावर आदळले की पाण्याचे रेणू उडवूनही लावतात. एका हातानं द्यायचं, दुसऱ्यानं काढून घ्यायचं. पौर्णिमेच्या आगेमागे काही दिवस मात्र चंद्र पृथ्वीच्या चुंबकीय शेपटीत असतो, तेव्हा हा वारा जवळपास बंद.

अंबडकर
मास्तर, हूक म्हणालात आणि डोक्यात लख्ख पडलं. मागच्या दिवाळीच्या गर्दीत हूक साफ करायचे राहिले होते. थरामुळे अर्थिंग तुटलं, जॉबवर पावडर धरेना, आणि नव्या पोरानं हात लावला तर असा झटका बसला की जॉब सोडून तो मागं ड्रमवर आपटला. म्हणजे विवरातली गाडी हा पावडर चढलेल्या हूकला लटकलेला जॉब. आता कुणी माती खणायला यंत्र आत नेणार असेल, तर त्याला बाहेर उन्हापर्यंत वायर ओढावी लागेल की काय?

लेक म्हणते तक्त्यावर हूक काढणार नाही, बाई विचारतील. वाटी काढतेय.