डायल-इन मोडेमचे कनेक्शन दर काही मिनिटांनी तुटते (एम-गेटी + पीपीपीडी)

टीटीवाय_शून्य
लिनक्स सर्व्हर, टीटीवायएस० (पहिला सिरियल पोर्ट) वर बाहेरचा ५६के मोडेम, चिप रॉकवेलची. कॉल एम-गेटी (मोडेमवर आलेला फोन उचलणारा प्रोग्रॅम) घेते आणि त्यातल्या ऑटोपीपीपी या सोयीने पीपीपीडी (फोनवरून नेटवर्क जोडणारा प्रोग्रॅम) सुरू होते. पोर्टचा वेग ११५२००. लॉगिन होते, छोटा मेल उतरतो. सर्व्हरवरून मोठी फाइल घ्यायला लागले की २ ते १० मिनिटांत कनेक्शन जाते. लॉगमध्ये बहुतेक वेळा 'नो रिस्पॉन्स टू ४ एको-रिक्वेस्ट्स' (समोरचे टोक हजर आहे का, या विचारणेला उत्तर नाही), कधी कधी नुसते 'मोडेम हँगअप'.
पीपीपीडीच्या ऑप्शन्स फाइलमध्ये: मोडेम, लॉक, एसिंकमॅप ०, एलसीपी-एको-इंटरव्हल ३०, एलसीपी-एको-फेल्युअर ४. मोडेमला फक्त एटी&एफ (मूळ सेटिंग्ज) आणि एस०=० (मोडेमने स्वतः फोन उचलू नये). नवा मोडेम घेण्याआधी काय तपासावे?

बॉडरेट
मोडेम सध्या राहू द्या. हे दोन वेगळे बिघाड आहेत. एकच समजून शोधायला गेलात तर दोन्ही हाती लागणार नाहीत. पहिल्या संदेशात फोन पीपीपीडीने ठेवला: ३० सेकंदांच्या अंतराने ४ एको गेले, उत्तर एकाचेही नाही, म्हणजे साधारण १२० सेकंद वाट पाहून तोडले. दुसऱ्यात कॅरियर (लाइनवरचा समोरच्या मोडेमचा सिग्नल) गेला आणि पीपीपीडीला ते नंतर कळले. पीपीपीडीचा एक्झिट कोडही हेच सांगतो: १५ म्हणजे एको, १६ म्हणजे मोडेमने फोन ठेवला. १२ आला तर आयडल टायमर, ५ आला तर कोणीतरी सिग्नल पाठवून प्रोसेस मारली.

तुमच्या ऑप्शन्समध्ये सीआरटीएससीटीएस (आरटीएस-सीटीएस तारांनी चालणारा हार्डवेअर फ्लो कंट्रोल, म्हणजे समोरचा भरला की 'थांब' सांगण्याची सोय) नाही, आणि संशय तिथेच आहे. तो शब्द नसला की पीपीपीडी पोर्टच्या फ्लो कंट्रोलला हात लावत नाही, आधी जे असेल ते चालू राहते. सर्व्हर ११५२०० ने ओतणार आणि दोन्ही टोकांना अ‍ॅनालॉग मोडेम असतील तर लाइन ३३६०० च्या वर जात नाही. 'थांब' हा निरोप पोहोचला नाही की मोडेमचा बफर भरून वाहतो, फ्रेम तुटतात आणि त्याच रांगेतले एकोही बुडतात. मेल छोटा, म्हणून तो निभावतो.

कॉल चालू असताना दुसऱ्या टर्मिनलवरून एसटीटीवाय -ए -एफ ने पोर्ट बघा. सीआरटीएससीटीएस च्या आधी उणे चिन्ह नको. आयएक्सऑन आणि आयएक्सऑफ (सॉफ्टवेअर फ्लो कंट्रोल) या दोन्हींच्या आधी हवे. मोडेमला स्पष्ट सांगा: एटी&एफ&सी१&डी२&के३, मग &डब्ल्यू (सेटिंग्ज साठवा). (यूएस रोबोटिक्सचा असता तर &के३ ऐवजी &एच१&आर२.)

तांब्याची_तार
वरच्या उत्तरात एक भर. एसिंकमॅप ० (कोणताही बाइट न बदलता पाठवा) ठेवून सॉफ्टवेअर फ्लो कंट्रोल चालू राहिला तर आणखी वाईट: फाइलमधला १९ क्रमांकाचा बाइट मोडेमला एक्सऑफ, म्हणजे 'थांब', वाटतो आणि प्रवाह थिजतो. झिप फाइलमध्ये असा बाइट लगेच येतो.

केबलही बघा. तीन तारांच्या केबलवर हार्डवेअर फ्लो कंट्रोल चालूच शकत नाही. ९ पिनांच्या टोकाला ७ (आरटीएस), ८ (सीटीएस), १ (डीसीडी) आणि ४ (डीटीआर) सगळ्या जोडलेल्या हव्यात. डीसीडी नसेल तर कॉल संपल्याचे सर्व्हरला कळत नाही. डीटीआर नसेल तर सर्व्हरला फोन ठेवता येत नाही.

मग /प्रॉक/टीटीवाय/ड्रायव्हर/सिरियल मध्ये ओई (ओव्हररन एरर) हा आकडा पाहा. तो वाढत असेल तर येणारे बाइट गळताहेत. सेटसिरियलने यूएआर्ट (सिरियल पोर्टची चिप) १६५५०ए आहे ना, याची खात्री करा. ११५२०० ला त्याचा १६ बाइटांचा फिफो (तात्पुरता साठा) सुमारे १.४ मिलिसेकंदांत भरतो. जुन्या आयडीई डिस्कने तेवढा वेळ इंटरप्ट अडवून धरले की ओव्हररन होतो. तिथे एचडीपार्म -यू१ (डिस्कचे काम चालू असतानाही बाकीचे इंटरप्ट घेऊ देणारे) उपयोगी पडते, पण जुन्या कंट्रोलरवर ते डेटा बिघडवू शकते, तेव्हा आधी बॅकअप घ्या. मात्र ओई फक्त येणाऱ्या बाजूचा आकडा आहे. तुमची फाइल जाते आहे, त्यामुळे तो शून्य दिसला म्हणून फ्लो कंट्रोल ठीक आहे असे मानू नका.

टीटीवाय_शून्य
सीआरटीएससीटीएस च्या आधी उणे चिन्हच होते. ऑप्शन्समध्ये टाकला, &के३ दिला. एकोची तक्रार थांबली, मोठी फाइल पूर्ण गेली. ओई शून्य. 'मोडेम हँगअप' मात्र अजून अधूनमधून येते.

बॉडरेट
आता लाइनकडे वळा. कॉल तुटल्याबरोबर, एम-गेटीने मोडेम रिसेट करण्याआधी, एटी&व्ही१ द्या; रॉकवेलवर शेवटचा कॉल का संपला ते त्यात येते. त्यासाठी इनिटटॅबमधली (सर्व्हरवर काय चालू ठेवायचे याची यादी) एम-गेटीची ओळ थोडा वेळ बंद करून कॉल हाताने, एटीए ने, घ्यावा लागेल. कॅरियर गेला असे आले तर एस१० (कॅरियर गेल्यावर फोन ठेवण्याआधी किती थांबायचे) वाढवा. हा आकडा सेकंदाच्या दहाव्या भागात असतो: १४ म्हणजे १.४ सेकंद. एस१०=५० करा, ५ सेकंदांचा खंड पचेल. २५५ करू नका. मग मोडेम कॅरियर गेल्याची दखलच घेत नाही आणि फोन अडकून राहतो.

त्या लाइनवरचे कॉल वेटिंग काढून टाका, समांतर जोडलेला फोनही काढा. एवढ्याने भागले नाही तर कमाल वेग मुद्दाम खाली आणा: एटी+एमएस=व्ही३४,१,३००,२६४००. तुमचा मोडेम जुना असेल तर 'व्ही३४' च्या जागी ११ लिहावे लागते. खरखरीत लाइनवर ३१२०० ला वारंवार रीट्रेन (मोडेमांनी लाइन पुन्हा जुळवणे) करण्यापेक्षा २६४०० ला स्थिर चालणे केव्हाही बरे. रीट्रेन चालू असताना एकही बाइट जात नाही.

बदल &डब्ल्यू ने साठवले तरी एम-गेटीच्या कॉन्फिगमधल्या इनिट-चॅटमध्येही (मोडेमला सुरुवातीला दिल्या जाणाऱ्या आज्ञा) लिहा. तिथे जुना एटी&एफ राहिला तर दर कॉलनंतर तुमचा एस१० पुसला जाईल.