मदत हवी: माझा वर्ग दुसऱ्या जिल्ह्यातल्या वर्गाशी जोडायचा आहे

नमस्कार मंडळी,

मी कुडाळ तालुक्यातल्या एका वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पहिली ते पाचवी, दोन शिक्षक, १७ मुलं. माझं माहेर औसा तालुक्यातलं, लातूरकडचं. इकडे रुजू झाले तेव्हा फळ्यावर ‘वावर’ लिहिलं आणि कोणालाच अर्थ कळेना. मग मुलांनी मला ‘कुणगो’ म्हणजे भातशेताचा तुकडा शिकवला, ‘व्हाळ’ म्हणजे ओढा शिकवला. तेव्हापासून मनात आहे की ही मुलं आणि माझ्या गावाकडची मुलं एकमेकांशी बोलायला हवीत. माझ्या मुलांनी ज्वारीचं कणीस फक्त चित्रात पाहिलंय. तिकडच्या मुलांनी तरवा, म्हणजे भाताची रोपं, काढून लावणी करताना कोणाला पाहिलेलं नाही.

गेल्या वर्षी मराठवाड्यातल्या एका शाळेबरोबर व्हिडिओ कॉल जमवला होता. मोफत झूम ४० मिनिटांनी बंद होतं. त्यातला बराच वेळ ‘आवाज येतोय का’ यातच गेला आणि उरलेला आम्हा शिक्षकांच्या बोलण्यात. समोर मोठा वर्ग बघून माझी मुलं माना खाली घालून बसली. कॉल संपल्यावर चौथीतली एक मुलगी हळूच म्हणाली, “बाई, माका इचारूचा होता, थंय व्हाळ आसा काय?” तो प्रश्न तिकडे पोचलाच नाही, याची मला फार रुखरुख आहे. पुढे तिकडच्या सरांची बदली झाली आणि संपर्क तुटला.

आता नीट करायचं आहे. ज्वारी-कापसाच्या मुलखातला, लहान पटाचा, निदान वर्षभर सोबत राहील असा वर्ग कोणाकडे आहे का? सुरुवात ‘ओळखा आम्ही कुठले’ या खेळाने करायचा विचार आहे: समोर नकाशा ठेवायचा आणि फक्त हो-नाही उत्तर येईल असे प्रश्न विचारून दुसऱ्यांचा जिल्हा शोधायचा. पण पावसात इथे लाईट आणि रेंज दोन्हींचा भरवसा नसतो, मग थेट कॉल कितपत चालेल? शिवाय एका पालकांनी सांगितलंय की मुलीचा फोटो कुठे पाठवू नका. त्यांचं म्हणणं मला पटतं. तुम्ही हे कसं सांभाळता?

प्रतिसाद १
ताई, यवतमाळ जिल्ह्यातून लिहितोय. माझ्याकडे चौथी-पाचवीची ११ मुलं आहेत, आम्ही तयार आहोत. अनुभवावरून सांगतो, पहिला महिना कॉल करूच नका. मुलांचे एकेक मिनिटाचे आवाज रेकॉर्ड करून पाठवा, रेंज येईल तेव्हा जातील. आवाज ओळखीचा झाला की पोरं कॉलवर बोलतात. तेव्हाही चार-पाच जणच बसवा. गूगल मीटवर दोन्हीकडून एकेकच फोन जोडला तर एक तासाची मर्यादा लागत नाही. आणि एक गोष्ट नक्की करू: बालभारतीने तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्ह्यागणिक वेगळं काढलंय. तुमचं आमच्याकडे पाठवा, आमचं तुमच्याकडे. खेळ झाल्यावर मात्र, नाहीतर उत्तर आधीच कळेल.

प्रतिसाद २
फोटोबद्दल. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक धरली आहे. मी पालकसभेत साध्या मराठीत कागद वाचून दाखवते: काय पाठवणार, कोणाला, किती दिवस ठेवणार. मग सही. ज्यांची सही नाही त्यांच्या मुलांना वगळायचं नाही, त्यांनी काढलेलं चित्र किंवा लिहिलेलं पत्र पाठवायचं. माझ्याकडे तर आता कोणाचाच चेहरा नसतो, हातातल्या वस्तूचा फोटो असतो. आवाजासाठीही संमती घ्याच.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. शनिवारी पालकसभा आहे, तिथे कागद वाचते. सर, सह्या झाल्या की पहिला आवाज त्या मुलीचाच पाठवीन. तुमच्याकडे व्हाळ आहे ना?

प्रतिसाद १
आहे. आम्ही नाला म्हणतो. उन्हाळ्यात कोरडा पडतो, तेव्हा पोरं त्यात क्रिकेट खेळतात. पण हे मी नाही सांगणार, तिला पोरंच सांगतील.