तारीख विसरणारा कॉम्प्युटर

चालू करताना दर वेळी तारीख मागे जाते, म्हणून जुना कॉम्प्युटर भंगारात काढताय? थांबा! मदरबोर्डवरचा (आतल्या मुख्य सर्किट बोर्डवरचा) नाण्याएवढा सीआर२०३२ सेल बदलून बघा. ३ व्होल्टचा असतो, मशीन बंद असताना घड्याळ त्याच्यावरच चालतं.

काल फोंड्यात दिवसभर पाऊस, म्हणून मीही माझा उघडून बसलो. आपल्या दमट हवेत रॅमच्या (मेमरीच्या) पट्टीचे दाते काळवंडतात. खोडरबरने अलगद पुसले आणि स्क्रीन जिवंत झाली. (आधी प्लग काढा, हे महत्त्वाचं.)

दुपारी बाबांनी जपलेल्या इंद्रजाल कॉमिक्सचा गठ्ठा काढला. १९६४ ते १९९० एवढीच या कॉमिक्सची हयात, पण त्यातल्या वेताळाची (फँटमची) कवटीगुहा मला अजून तशीच ओढते. पानं ओलसर झाली होती, एकेक अंक पंख्याखाली उघडून ठेवला. उन्हात मात्र नका ठेवू, रंग उडतात.