पत्रकारिता शिकायचीय: ठाणे-नवी मुंबईत काय बघावं?

ऐरोलीची_मावशी:
भाची बारावी झाली. आर्ट्स, 74 टक्के. पत्रकारिताच करायची म्हणते. ऐरोलीत राहतो, म्हणजे ठाणे किंवा वाशी-नेरुळ सोयीचं. शाळा मराठी माध्यमाची. तिचे बाबा 'आधी बीकॉम कर' यावर अडून बसलेत. बीएमएमबद्दल (मास मीडियाची पदवी) कुणी खरं सांगेल का? फी भरण्याआधी विचारतेय.

तलावपाळी_कट्टा:
ताई, 2019 पासून बीएमएमचं नाव बदलून बीएएमएमसी झालंय. ठाण्यात जोशी-बेडेकर, नेरुळला एसआयईएस बघून या. मी शिकलो ते कॉलेज वेगळं, नाव नको. माहितीपत्रकावर झकास स्टुडिओ होता. तीन वर्षांत त्याची किल्ली आम्हाला दोनदा मिळाली. म्हणून ऑफिसात चौकशी करू नका, तिसऱ्या वर्षाच्या पोरांना कॅन्टीनमध्ये गाठा. कॅमेरा हातात येतो का? शिकवणाऱ्यांत सध्या बातमीदारी करणारं कुणी आहे का? आमच्या वेळी तिसऱ्या वर्षी पत्रकारिता की जाहिरात, हे निवडावं लागायचं. अर्ध्याहून जास्त वर्ग जाहिरातीकडे पळाला.

जुना_डेस्कवाला:
बाबांचं अगदीच चूक नाही, पण बीकॉमच कशाला? राज्यशास्त्र किंवा अर्थशास्त्र घेऊन बीए करू दे. मग पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट, नाहीतर आयआयएमसीच्या (भारतीय जनसंचार संस्था) अमरावती केंद्रातली मराठी पत्रकारितेची पदविका. दोन्ही पदवीनंतरचेच. पेपरात बातम्या तपासायच्या डेस्कवर 19 वर्षं काढली म्हणून सांगतो. पालिकेचं बजेट आलं की नवी मुलं आयुक्तांचं भाषण उतरवून पाठवतात. मागचे तक्ते कुणी उघडत नाही. गेल्या वर्षीचा मूळ अंदाज आणि नंतर बदललेला सुधारित अंदाज शेजारी-शेजारी छापलेले असतात; एखाद्या कामाला आधी 40 कोटी धरले आणि सुधारितमध्ये कापून 6 कोटीच ठेवले, तर बातमी तिथेच पडलेली असते.

घणसोली_लोकल:
काका, तोवर ती पंचविशीला टेकेल! मी बीएमएम केलं आणि दुसऱ्या वर्षापासून स्थानिक साप्ताहिकात लिहायला लागले. मानधन? वडापावचं. पण नावानिशी छापून आलेली कात्रणं होती, मुलाखतीत तीच चालली. मावशी, एक मात्र आहे. शिकवणं बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून, मराठी शाळेतल्या मुलांना पहिलं सत्र जड जातं. मराठी तुकडी आहे का ते विचाराच. आणि संगणकावरचं मराठी टायपिंग, म्हणजे युनिकोड इनस्क्रिप्ट, आत्ताच शिकून घेऊ दे.

जुना_डेस्कवाला:
कात्रणांचं मान्य. मग मावशी, प्रवेश यादी लागेपर्यंत तिला एक बातमी करू द्या. घराजवळचं रखडलेलं एखादं काम: गटार, फुटपाथ, काहीही. विभाग कार्यालयात जाऊन विचारायचं, ठेका कुणाचा, मुदत कधीची. सांगितलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज: 10 रुपये शुल्क, 30 दिवसांत उत्तर. 150 शब्दांत लिहायची. हे करताना कंटाळली तर फी वाचली.

ऐरोलीची_मावशी:
गेली होती! 'साहेब साइटवर आहेत' ऐकून परत आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग साहेब ज्या साइटवर होते म्हणे, तिथेच गेली. साहेब नव्हते, कामाचा फलक होता. मुदत उलटून आठ महिने झालेत, फोटो काढून आणलाय. अर्ज टाकलाय. पहिलंच वाक्य 62 शब्दांचं झालंय, बाबा शेजारी बसून कापतायत. बीकॉमचा विषय आज निघाला नाही.